गोठ्याचं काय करायचं

कासुर्डी, ता. दौंड
१२ जून २०२३

चि. अनुपमा हिस,

तुझ्या सासऱ्याचे, म्हंजी आबाचे आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नको, इकडं समदं बरं हाय. फोनवर तू काय बोलतीस ते मला कळत न्हाई. कानातलं मशीन नुसतं शिट्टी वाजवतं. तुझ्या सासूच्या हातात मोबाईल दिला की ही रडाया लागती आन् मुद्द्याचं तसंच ऱ्हातं. म्हणून लिवतोय. सातवीपतूर शिकलोय, अक्षर लागतंय का बघ.

विश्वजीतच्या वर्षश्राद्धाला तू आलीस, दुसऱ्या दिशी पोरीला घेऊन माघारी भावाकडं गेलीस. मी काय म्हणलो न्हाई. गावात लोक इचारत्यात, सून कुठंय. मी सांगतो, सणसवाडीला कंपनीत नोकरीला हाय, नातीची शाळा बी तिकडंच. खोटं न्हाई त्यात काय.

मुद्दा गोठ्याचा हाय. गाया इकल्यापासनं तो मोकळा पडलाय. विश्वजीतनं किती हौसेनं बांधला व्हता, तुला ठाव हाय. गाईला उन्हाचा दम लागू नये म्हणून पत्रा उंच घेतला. तवा मी म्हणलो, आरं एवढ्यात माणसाचं घर व्हतंय. तर म्हणला, आबा, माणसाला पंखा लावता येतो, गाईनं कुणाला सांगायचं? त्याच गाईंचं दूध डेअरीला घालाया गेला आन् हायवेवरनं माघारी आला न्हाई.

आता मी रोज सकाळी सवयीनं जातो. कडी काढतो, आत बघतो, परत कडी लावतो. मागं एक भंगारवाला इचारून गेला. गुऱ्हाळवाले सोपानराव म्हणत्यात, माझी युपीची माणसं ठेवतो, भाडं देतो. मी कुणालाच व्हय म्हणलो न्हाई. तू शिकलेली हाईस. गोठ्याचं काय करायचं ते तू सांग. त्यातनं जे यील ते तुझं आन् नंदिनीचं. मला आन् हिला काय लागतंय?

पोरीला पापा.
आबा

*

सणसवाडी, ता. शिरूर
२ जुलै २०२३

ती. आबांना सा. न.

तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पत्र कंपनीत डब्याच्या सुट्टीत वाचलं, आणि मग डबा तसाच परत आणला.

इथे सत्यजीतनं आमचा माहेरचा गोठा पाडून भाड्याच्या खोल्या काढल्या. शेवटच्या खोलीत मी आणि नंदिनी राहतो. भाऊ म्हणून तो भाडं घेत नाही, भावजय काही बोलत नाही, पण मला ते रोज जाणवतं. बाकीच्या खोल्यांत बिहारची, ओडिशाची पोरं दाटीनं राहतात. एका शिफ्टची उठली की दुसऱ्या शिफ्टची त्याच अंथरुणावर झोपतात. नंदिनी त्यांच्यात खेळून हिंदी शिकली आहे. परवा मला म्हणाली, "आजोबा कब आयेंगे?" मी म्हटलं, मराठीत विचार, तरच सांगते.

म्हणून सांगते, आपला गोठा सोपानरावांना देऊ नका. माणसं वाईट असतात म्हणून नाही. त्या जागेत माणसं कोंबलेली मला बघवणार नाहीत.

गोडाऊनचा विचार केला, पण आपल्या रस्त्यानं मोठी गाडी आत येत नाही. मश्रूमचं पण बघितलं, त्याला सतत गारवा लागतो. आमच्या कंपनीत बिरदेव म्हणून लाईन सुपरवायझर आहेत. शिरूरच्या वरच्या अंगाचे, धनगर समाजातले. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. चरायची रानं बंद झाली तशी विकली. मी तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, उंच पत्र्याचा गोठा म्हणजे शेळ्यांना वाडाच. रानात न सोडता जागेवरच पाळायच्या. त्यांनी विचारलंय, पश्चिमेची भिंत बंद आहे का? पावसाचं पाणी कुठल्या बाजूनं येतं? बांधाला पाल्यासाठी शेवरी, सुबाभूळ आहे का?

एवढं कळवा. आईंना नमस्कार सांगा. त्या फोनवर रडतात तेव्हा मला पण काही बोलता येत नाही.

तुमची
अनुपमा

*

कासुर्डी
२० ऑक्टोबर २०२३

चि. अनुपमास आशीर्वाद.

तुझी समदी पत्रं पोचली. मागच्या पत्रातली यादी घिऊन यवतच्या बाजारात गेलो आन् उस्मानाबादी शेळ्या आणल्या. घरी आलो तर ही दारात उभी. म्हणली, "जर्शी गाया बांधायच्या जागी शेरडं? लोक काय म्हणतील?" लोक म्हणलेच. चावडीवर एकानं मला इचारलं, सर्जेराव, घोंगडी कवा घेताय? मी म्हणलो, थंडी पडू दे, घेतो. हसले समदे, मी बी हसलो.

त्या तुझ्या बिरदेवनी सांगितल्यापरमानं पश्चिमेची भिंत अर्धी उतरवली. लय फरक पडला. आधी आत कोंदट वास मारायचा, आता वारं खेळतं. खाली फळ्यांचं माचाण केलंय. शेळ्यांसंगं आलेलं एक करडू मेलं. सकाळी चांगलं व्हतं, दुपारी मान टाकली. मी त्याला पोत्यात गुंडाळून बांधाला पुरलं, हिला सांगितलं न्हाई. तुला म्हणून लिवतो, लय जिवाला लागलं. एवढं कशानं लागावं? करडूच ते.

हे कशानं झालं ते त्यास्नी इचार. खरं तर त्यास्नी एकदा घिऊनच ये. कागदावर गोठा दिसत न्हाई.

आन् एक सांगू का? तू एवढं बारीकसारीक इचारतीस, शेवरी किती हाय, पाणी कुठनं येतं. तवाच मी वळखलं, तुझं मन अजून इथंच हाय. मी काय बोलत न्हाई. तू तुझ्या कलानं ये.

आबा

*

सणसवाडी
४ डिसेंबर २०२३

ती. आबांना सा. न.

नाताळच्या सुट्टीत आम्ही येतो. सत्यजीत गाडी काढणार आहे, बिरदेव पण येतील. करडाचं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, लस राहिली असेल, पण नुसत्या अंदाजावर बोलत नाही, समोर बघून सांगतो.

आबा, तुम्ही पत्रात जे शेवटी लिहिलंय, त्याबद्दल समोर बोलू.

अनुपमा

*

कासुर्डी
११ फेब्रुवारी २०२४

चि. अनुपमास आशीर्वाद.

तुम्ही येऊन गेला त्याला म्हैना उलटला, पण घरात अजून तोच इषय हाय. तू म्हणली व्हतीस समोर बोलू, पण माणसांच्या गडबडीत ऱ्हाऊन गेलं. मीच आता लिवतो.

पैलं त्या बिरदेवचं. माणूस मला आवडला. बाकीचे लोक माझ्या कानाशी येऊन वरडत्यात, जसा काय मी बैल हाय. त्यानं नंदिनीची पाटी घेतली, माझ्या शेजारी चवड्यावर बसला आन् लिवून लिवून बोलला. लिवायचं, मला दावायचं, पुसायचं, परत लिवायचं. विश्वजीत गेल्यापासनं कुणी माझ्यासंगं एवढा येळ बोललं नव्हतं. जेवाया माझ्या शेजारीच बसवला. ही जरा गप गप व्हती, पण ती हल्ली तशीच असती.

डॉक्टर आणून लसी दिल्या. शेळ्या भरल्यात, समद्या गाभण हायेत. दिवाळीपतूर गोठ्याला पैसा दिसायला लागंल.

आता माझं. तुमची पूर्वेची खोली मी रंगवून घेतली. फिक्कट हिरवा दिलाय, पोरीला आवडंल. यवतच्या शाळेत जाऊन आलो, जूनमधी नंदिनीचं नाव घालता यील म्हणाले, गाडी दारात येती. गोठा तू बघायचास, मी तुझ्या हाताखाली. कंपनीतल्या कुणाला साहेब साहेब म्हणायला नको आन् भावाच्या खोलीत बी ऱ्हायाला नको. विश्वजीत गेल्यापासनं ही ताटावर बसत न्हाई, ती बी म्हणली, पोर घरात आली तर मी परत जेवणाला बसंन.

कवा येतीस तेवढं कळव.
आबा

*

सणसवाडी
७ एप्रिल २०२४

ती. आबांना सा. न.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. आता सरळ लिहिते.

मी बिरदेव यांच्याशी लग्न करायचं ठरवलं आहे.

तुम्ही पाटीवर त्यांच्याशी बोलत होता तेव्हाच सांगायचं होतं. त्यासाठीच त्यांना आणलं होतं. पण तुम्ही इतके खूश होता की माझं तोंड उघडलं नाही. ते परत जाताना गाडीत म्हणाले, "आपण आबांना फसवून जेवून आलो." त्या दिवसापासून ते माझ्या मागे लागलेत की लिही.

पहिल्यापासून हे ठरलेलं नव्हतं, एवढा विश्वास ठेवा. तुमचं पत्र घेऊन मी त्यांच्याकडे गेले, ते गोठ्याचं विचारायलाच. मग तुम्ही काहीतरी विचारायचात, मी त्यांना विचारायची, ते त्यांच्या आईला विचारून सांगायचे. अनसाबाई त्यांचं नाव. आयुष्यभर मेंढरांमागं चाललेल्या. असं करत बोलणं वाढलं. आधी शेळ्यांचं, मग इतर.

मी विश्वजीतना विसरले नाही. पण आबा, कंपनीत मी मॅडम, घरात नंदिनीची आई, सत्यजीतची ताई. रात्री दोन ताटं वाढायची, लगेच घासायची, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्यांचा टीव्ही ऐकत पडायचं. मी एकतीस वर्षांची आहे.

ते आपल्यातले नाहीत, हे मला माहीत आहे. सत्यजीत आधी भडकला, आता गप्प आहे.

खोलीला रंग दिलात, शाळेत जाऊन आलात. ते वाचून मी आमच्या खोलीचं दार लावून बसले होते. रागवा, पण लिहा.

अनुपमा

*

सणसवाडी
२३ जून २०२४

ती. आबांना सा. न.

तुमचं उत्तर आलं नाही. फोन केला तर आई उचलून ठेवून देतात. शेजारच्या कोंडिबाकाकांना विचारलं, ते म्हणाले, "हायेत दोघं. तू आता कशाला चौकशी करतीस?"

नंदिनीला पहिलीत घातलं. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, गाव कुठलं, तर तिनं कासुर्डी सांगितलं. मी शिकवलं नव्हतं.

शिव्या द्यायच्या असतील तर पत्रातून द्या. पण पत्र पाठवा.

अनुपमा

*

कासुर्डी
१८ ऑगस्ट २०२४

अनुपमा,

एप्रिलचं पत्र मी गोठ्यात उभ्या उभ्या वाचलं. परत वाचलं. मग कडब्यात खोचून ठिवलं. हिला सांगायचं न्हाई असं ठरवलं व्हतं, पण अशी गोष्ट लपती का? तुझ्या माहेरकडनं कुणाच्या तरी तोंडून आलीच. विश्वजीतला घरी आणला तवा ही दगडावानी बसून व्हती. ते समदं रडू आता निघालं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? त्या माणसाला मी माझ्या पंगतीला बसवला. विश्वजीतच्या गोठ्याची भिंत त्याच्या सांगण्यावरनं उतरवली. माझ्याच पत्रानं तुमची गाठ पडली, हे वाचलं तवा वाटलं, हात झडला असता तर बरं. दुसऱ्या दिशी टेम्पो बोलावला आन् समद्या शेळ्या भरून यवतला न्हेल्या. म्हणलं, नकोच ते. मोकळाच ऱ्हाऊ दे गोठा.

बोकड इकलं गेलं. शेळ्यांना एक खाटीक आला, पोटावर हात फिरवून बघाया लागला. पोटात दोन दोन करडं. मी त्याचा हात बाजूला केला. तो म्हणला, आबा, बाजारात कशाला आणल्या मग? त्याच टेम्पोतनं माघारी आणल्या.

आता व्याल्यात. गोठा करडांनी भरलाय. पाय ठिवाया जागा न्हाई. ज्यांनी घोंगडीचं इचारलं व्हतं ते आता करडं कवा देणार म्हणून इचारत्यात. गोठा चांगला चाललाय, हे तुला सांगू नये वाटतं. पण दुसऱ्या कुणाला सांगू? हिला सांगितलं तर ही तोंड फिरवती.

एकच इचारायचंय. तू तुझं आयुष्य बघितलंस, तुला अडवणारा मी कोण? पर नंदिनी कुणाची? तिच्या नावामागचं विश्वजीतचं नाव पुसणार का? तेवढं एक पुसू नको. त्याचं आमच्यापाशी दुसरं काय बी उरलं न्हाई.

सर्जेराव

*

सणसवाडी
९ सप्टेंबर २०२४

ती. आबांना सा. न.

पत्राखाली तुम्ही 'आबा' लिहिलं नाही. तरी मी आबाच म्हणणार.

नंदिनीचं नाव शाळेत विश्वजीतच्या नावानंच आहे आणि तसंच राहील. हे मी ठरवण्याआधी बिरदेवनीच सांगितलं होतं. ते तिला म्हणतात, "तुझे पप्पा विश्वजीत. मला तू मामा, काका, काय वाटेल ते म्हण." ती सध्या त्यांना नुसतं बिरदेव म्हणते. अनसाबाई रागावतात, ते हसतात.

शेळ्या माघारी आणल्यात हे वाचून ते उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आत आले आणि म्हणाले, "व्यालेल्या शेळीला आठ दिवस थंड पाणी देऊ नका म्हणावं."

लग्न शिरूरला नोंदणी करून आहे, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. मांडव नाही, वाजंत्री नाही. सत्यजीत सहीला येतो म्हणालाय. आबा, मला वडील नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आलात तर कोपऱ्यात नुसते बसलात तरी चालेल.

गोठ्याचं उत्पन्न मला नको. तुम्ही दोघं नीट खा-प्या. आईंच्या गुडघ्याचं दाखवा.

अनुपमा

*

कासुर्डी
१५ नोव्हेंबर २०२४

चि. अनुपमास आशीर्वाद.

तुमचं लगीन उरकलं असंल. मी आलो न्हाई. धोतर धुऊन ठिवलं व्हतं. पिशवी घेतली तशी ही दारात आडवी बसली. म्हणली, "जायचं आसंल तर माझ्या अंगावरनं जा." तिच्या गुडघ्याची गत तुला ठाव हाय, एकदा खाली बसली की हात दिल्याबगार उठता येत न्हाई. मी पिशवी ठिवली आन् तिला उठवलं.

तिच्यावर राग धरू नको. मी लय इचार केला, ही अशी का करती. जातीचं हाय, न्हाई असं न्हाई. पर तेवढंच असतं तर मी भांडलो असतो. तिला वाटतं, तू लगीन केलंस म्हंजी तिचा पोरगा परत एकदा मेला. पैल्यांदा मेला तवा तू त्याची बायको म्हणून जिती व्हतीस, पोर अंगणात खेळत व्हती, म्हंजी तो थोडा तरी व्हता. तिला असं बोलता येत न्हाई. मी तिच्या वतीनं लिवतोय.

तिनं सांगितलंय, अनुपमानं या उंबऱ्यात पाय ठिवायचा न्हाई. घर तिचं हाय, तिचा शब्द मी मोडणार न्हाई.

पर गोठा तिचा न्हाई. गोठ्याला रस्त्याकडनं येगळं फाटक हाय, घरावरनं जावं लागत न्हाई. तू गोठ्यात ये. पोरीला आण. त्यास्नी बी आण, एका शेळीच्या कासंला गाठ आलीया, ती दावायची हाय. मी तिथं बाज टाकून ठिवतो, चहाचं सामान बी नेऊन ठिवतो. दुधाला तोटा न्हाई.

गोठ्याचे पैसे मी नंदिनीच्या नावानं पोस्टात टाकतो. ते नको म्हणायचा हक्क तुला न्हाई, ते तुझे न्हाईतच.

आबा

*

कासुर्डी
२८ जानेवारी २०२५

चि. अनुपमास आन् बिरदेवरावांस आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचला, पत्र मिळालं. शेळीची गाठ बसली. हळद लावायला सांगितली ती लावली, डॉक्टरला बी दाखवलं.

तू लिवलंस, आई सबंध दिवसात एकदा बी दिसल्या न्हाईत, याचं वाईट वाटलं. मी त्या दिशी तुला काय सांगणार व्हतो? दार आतनं लावलेलं, ते तू बी बघत व्हतीस. पोर दोनदा इचारून गेली, आजी झोपलीय का. मी म्हणलो, व्हय, झोपलीय.

पर तुम्ही गेल्यावर जे झालं ते तुला कळाया पायजे.

तुमची गाडी वळली आन् मी चहाची भांडी इसळत व्हतो. मागं वळून बघतो तर ही गोठ्याच्या दारात. गाया गेल्यापासनं ती तिथं कधी आली नव्हती. एका हातानं खांब धरून उभी. तोंडानं काय तरी बोलली, मला कळलं न्हाई. मग तिनं हात कमरंएवढा धरला, पोरीची उंची दावली, आन् तोच हात असा फिरवून इचारलं, कुठं?

मला आधी उमजलं न्हाई. मग उमजलं. मी तिला कोपऱ्यातलं घमेलं दावलं. ते पालथं घालून नंदिनी दिसभर त्यावर बसली व्हती, मांडीवर करडू घिऊन.

ही लंगडत गेली आन् त्या घमेल्यावर बसली. मी म्हणलं, अगं बाजंवर बस, गुडघं दुखतील. बसली तिथंच. करडं भवताली आली. एक तिचा पदर चघळाया लागलं, तिनं ओढला न्हाई. खाली गवतात पोरीच्या केसातली एक पिन पडली व्हती, ती उचलली आन् मुठीत धरून ठिवली. रडत व्हती का काय, ते मला ऐकू येत न्हाई, आन् तोंडाकडं बघायचं माझ्यानं झालं न्हाई. मी शेळ्यांना पाला टाकत ऱ्हायलो. एकदा टाकलेला पाला परत गोळा करून परत टाकला. अंधार पडाया लागला तवा मी हात दिला, तिला उठवलं, आन् आम्ही घरात गेलो. ताटावर बसली, अर्धी भाकर खाल्ली.

तिचं मन पालटलं, असा अर्थ काढू नको. दुसऱ्या दिशी मी म्हणलं, पुढल्या खेपंला त्यास्नी घरात बोलवू का? तर तिनं मान हलवून न्हाई म्हणलं. दार उघडंल असं मी लिवत न्हाई. उघडंल का न्हाई, मला ठाव न्हाई. आम्हा दोघांचं वय बी आता ते बघत बसायचं न्हाई.

तू नंदिनीला घिऊन येत जा. फकस्त दुपारचं नको, सकाळचं येत जा. सकाळी ही अंगणात तांदूळ निवडाया बसती, आन् गोठ्याच्या दारात पोर उभी ऱ्हायली तर अंगणातनं नीट दिसती.

आबा